उतरवण्याची तारीख आधी ठरवा: मुंबईतील रिकाम्या भूखंडावर लोकसहभागातून तात्पुरती रचना कशी उभारावी

मुंबईत मोकळी जागाच उरलेली नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. उद्यानाचे किंवा मैदानाचे आरक्षण पडूनही महापालिकेच्या ताब्यात न आलेले भूखंड, जुनी इमारत पाडून झाली पण नवीचे जोते अद्याप निघालेले नाही अशा पुनर्विकासाच्या जागा, उड्डाणपुलांखालचे पट्टे आणि म्हाडाच्या वसाहतींतील पत्र्यांनी वेढलेले कोपरे वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. त्यांचे अंतिम भवितव्य न्यायालयात, मंत्रालयात किंवा विकासकाच्या कर्जखात्यात अडकलेले असते आणि ते आपल्या हातात नसते. मधला काळ मात्र वापरता येतो. त्या काळापुरती सावली, बसण्याचे कट्टे, मुलांसाठी खेळ, वाचनाची जागा किंवा छोटा रंगमंच परिसरातील लोकांनी मिळून कसा उभारावा आणि वेळेवर कसा उतरवावा, याची माहिती येथे दिली आहे.

अशा कामाला लागणारे कौशल्य या शहरात मुबलक आहे. गणेशोत्सवात आणि नवरात्रात चार-पाच दिवसांत उभे राहून विसर्जनानंतर नाहीसे होणारे मंडप म्हणजे तात्पुरत्या वास्तुकलेची चालतीबोलती परंपराच आहे, आणि वर्गणी, स्वयंसेवक, मांडववाला व परवानगीची फाइल ही तिची यंत्रणा गल्लोगल्ली तयार आहे. उणीव आहे ती जागामालकाच्या विश्वासाची. मुंबईत एकदा उभे राहिलेले छप्पर सहसा हटत नाही, हा मालकांचा अनुभव आहे. १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपड्यांना मिळालेले संरक्षण आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपड्यांसाठी आलेले सशुल्क पुनर्वसन ही निवाऱ्याच्या प्रश्नाची उत्तरे होती आणि ती आवश्यकही होती. पण त्यामुळे प्रत्येक मालक, मग तो सरकारी असो वा खासगी, आपल्या जागेवरच्या चार बांबूंकडेही संशयाने पाहतो. आराखडा कितीही देखणा असला तरी त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘हे काढणार कोण आणि कधी?’ म्हणून नियोजनाचा आरंभ उतरवण्याच्या तारखेपासून करावा आणि बाकी सर्व गोष्टी त्या तारखेपासून मागे मोजत याव्यात.

दिनदर्शिका

ही तारीख मुंबईत पाऊसच ठरवतो. हवामान विभागाच्या नोंदीनुसार मोसमी पाऊस मुंबईत साधारण ११ जूनला दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. मात्र खरा धोका त्याआधीच्या वळवाच्या वादळी वाऱ्यांचा असतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० फूट लांब व तितकेच उंच जाहिरातफलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तो अशाच वाऱ्यात. तेव्हा छताचे कापड, शेडनेट, फलक असे वारा धरणारे सर्व भाग एप्रिलअखेर उतरवावेत आणि उरलेला सांगाडा मे महिन्यात सावकाश सोडवावा.

उभारणीही परतीच्या पावसानंतर लगेच सुरू करण्याचा हट्ट धरू नये. गणपतीपासून नवरात्रापर्यंत मांडववाल्यांकडे माणूस मिळत नाही आणि बांबूही मोकळा नसतो. दिवाळी संपल्यावर, लग्नसराईची गर्दी वाढण्याच्या आत काम हाती घ्यावे. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल असा साधारण सहा महिन्यांचा वापर मिळतो. पावसाळ्याचे चार महिने जागा रिकामी ठेवावी, नाहीतर फार तर कुंड्या आणि वाफे राहू द्यावेत. हे वेळापत्रक मालकाला दाखवले की त्याचा अर्धा विरोध मावळतो, कारण दर वर्षी जागा त्याला पूर्ण रिकामी परत दिसणार असते.

जागा आधी वापरात आहे का, ते पाहा

नकाशात रिकामा दिसणारा भूखंड प्रत्यक्षात क्वचितच रिकामा असतो. कोणी तेथे पापड वाळवते, कोणी रात्री टेम्पो उभा करते, मुलांची क्रिकेटची खेळपट्टी वर्षानुवर्षे ठरलेली असते, भंगार वेचणारे कुटुंब दुपारी माल निवडते आणि कोळीवाड्याजवळची जागा असेल तर मासळी वाळत असते किंवा जाळी विणली जात असतात. हे सर्व वापरकर्ते तुमच्या प्रकल्पाचे पहिले भागीदार आहेत. ‘सुशोभीकरणा’च्या नावाखाली त्यांना हुसकावणे म्हणजे सहभागाच्या नावाने केलेले निष्कासन होय. हे येथे मुद्दाम स्पष्ट लिहीत आहे, कारण मध्यमवर्गीय रहिवाशांच्या पुढाकाराने होणाऱ्या कामांत हा दोष वारंवार दिसतो आणि तो करणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही.

म्हणून आराखड्याला हात लावण्यापूर्वी जागा वेगवेगळ्या वेळी पाहावी: सकाळी पाणी येण्याच्या वेळी, दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटल्यावर आणि रात्री दहानंतर. एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा रविवारी जावे. कोण, कुठे, किती वेळ आणि कशासाठी बसतो, सावली कोणत्या बाजूने सरकते, पाणी कुठे साचते, कुत्री कुठे झोपतात, बायका कोणता कोपरा टाळतात, हे सर्व एका मोठ्या नकाशावर टिपावे. टाळला जाणारा कोपरा बहुधा अंधाराचा किंवा दारूच्या बैठकीचा असतो. तेथे पहिला दिवा लावायचा, हे तेव्हाच निश्चित करता येते.

जमिनीची पाहणी वेगळी करावी. मुंबईतील बहुतेक पडीक भूखंडांवर राडारोडा टाकलेला असतो. वरून सपाट दिसणाऱ्या थराखाली पोकळी, सळया, काच आणि कधी जिवंत केबल असते. त्यामुळे खड्डे खोदून खांब रोवण्याची सवय येथे सोडून द्यावी. गिरणी, कारखाना किंवा गॅरेजची जुनी जागा असेल, तर त्या मातीत भाजीपाला लावू नये. बाहेरून माती आणून क्रेटमध्ये किंवा उंच वाफ्यात लावावा. उंदरांची बिळे आणि साचलेले पाणी दिसले तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका ओळखून स्वच्छतेच्या दिवशी सर्वांना गमबूट व हातमोजे द्यावेत. कांदळवनापासून ५० मीटरच्या आतील जागा सुरुवातीलाच यादीतून वगळावी. उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे तेथे भराव वा बांधकाम करता येत नाही आणि तसे करूही नये.

मालक कोण, आणि त्याच्याकडे काय मागायचे

परिसरातील लोक ‘ही बीएमसीची जागा’ असे छातीठोकपणे सांगतात, पण त्यावर विसंबू नये. जागेचा भूमापन क्रमांक, म्हणजे शहर भागात सी. एस. क्रमांक आणि उपनगरात सी. टी. एस. क्रमांक, शोधून मालमत्ता पत्रक काढावे. मग महापालिकेच्या संकेतस्थळावरून त्या क्रमांकाचा विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे बोलीभाषेतला ‘डीपी रिमार्क’, घ्यावा. पहिल्या कागदावरून मालकी कळते, दुसऱ्यावरून विकास आराखडा २०३४ मधील आरक्षण कळते. हे दोन्ही कागद जोडलेला अर्ज अधिकारी गांभीर्याने वाचतो.

मालक कोण आहे, यावर कामाचा वेग ठरतो. रेल्वे किंवा बंदर प्राधिकरण यांच्या जागांचे निर्णय वरच्या स्तरावर जातात आणि पहिल्या प्रयत्नासाठी त्या योग्य नाहीत. महापालिकेची जागा असल्यास विभाग कार्यालयातील सहायक आयुक्तांकडे जावे. जागा उद्यानासाठी आरक्षित असेल तर उद्यान विभाग, उड्डाणपुलाखालची असेल तर पूल विभाग यांचे मतही लागते. माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखालचे उद्यान रहिवाशांच्या पाठपुराव्यातून झाले आणि २०१६ मध्ये खुले झाले, हे उदाहरण पुलाखालच्या जागेसाठी अर्ज करताना जरूर द्यावे. ते कायमस्वरूपी काम आहे. पण पुलाखालच्या बेवारस पट्ट्याला नागरिक उपयोगात आणू शकतात, याचा तो पुरावा आहे. पुनर्विकासासाठी थांबलेली सहकारी गृहनिर्माण संस्थेची जागा माझ्या मते पहिल्या प्रयोगासाठी सर्वांत सोयीची ठरते, कारण निर्णय घेणारी माणसे तुमच्याच गल्लीतली असतात. तेथे जागेचा ताबा विकासकाकडे गेलेला असेल, तर संस्था आणि विकासक या दोघांचीही लेखी संमती घ्यावी.

मालकाकडे भाडेपट्टा मागू नये. ठरावीक मुदतीची अनुज्ञप्ती, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सच्या धर्तीचा परवाना मागावा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे अशा परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. केवळ वापराची मुभा मिळते. मालकाचा वकील मात्र कलम ६० कडे बोट दाखवील. परवानाधारकाने परवान्याच्या आधारे खर्च करून कायम स्वरूपाचे काम केले असेल, तर तो परवाना रद्द करता येत नाही, असे हे कलम सांगते. त्याची ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर वाटाघाटीत शोधण्याऐवजी आराखड्यातच द्यावे: जोते नाही, काँक्रीट नाही, विटेची भिंत नाही, जमिनीत पुरलेला खांब नाही. प्रत्येक भाग दोन माणसांना उचलता येईल आणि पाना किंवा कोयता एवढ्याच साधनांनी सोडवता येईल, असे करारात लिहून द्यावे. सोबत उतरवण्याच्या खर्चाएवढी अनामत रक्कम स्वतःहून देऊ करावी. ही एक गोष्ट अनेक भाषणांपेक्षा अधिक काम करते.

माद्रिदचे एक उदाहरण मालकाला सांगण्याजोगे आहे. ला लातिना या जुन्या वस्तीत महापालिकेचे क्रीडासंकुल पाडले गेले, आर्थिक मंदीमुळे नवे रखडले आणि शहराच्या मध्यात मोठा खड्डा उरला. रहिवाशांनी २०११ मध्ये महापालिकेकडून तो तात्पुरता वापरायला घेतला, त्याला ‘एल कांपो दे सेबादा’ असे नाव दिले, हलवता येणारी बाके व मांडण्या स्वतः केल्या, आणि २०१७ मध्ये संकुलाचे काम सुरू होण्याची वेळ आली तेव्हा जागा सोडली.

परवानग्यांची फाइल

मालकाची संमती म्हणजे परवानगी नव्हे. विभाग कार्यालयाची तात्पुरत्या रचनेची परवानगी, स्थानिक पोलीस ठाण्याचे ना-हरकत पत्र आणि अग्निशमन दलाचे मत हे तीन कागद कोणत्याही परिस्थितीत हवेत. प्रवेश रस्त्यावर उघडत असेल किंवा गर्दी रस्त्यावर येणार असेल, तर वाहतूक पोलिसांचे पत्रही घ्यावे. परिसर वारसा क्षेत्रात मोडत असेल, तर वारसा समितीचा प्रश्न येतो. परवानगीशिवाय उभ्या केलेल्या रचनेला महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ खाली नोटीस येऊ शकते आणि एकदा ती आली की पुढची प्रत्येक फाइल अडते.

महापालिकेकडे मंडपांच्या अर्जांची रुळलेली पद्धत आहे, आणि तुमचा अर्ज शक्य तितका त्या चाकोरीत बसवावा, असा माझा आग्रह आहे. अधिकाऱ्याला ‘सहभागी नागरी हस्तक्षेप’ असे काही वाचायला दिले तर तो फाइल वर पाठवतो. ‘सावलीसाठी मांडव, क्षेत्रफळ इतके, मुदत इतकी, स्थैर्य प्रमाणपत्र जोडले आहे’ असे दिले तर त्याला काय करायचे ते ठाऊक असते. सेव्हिलमध्ये सांतियागो सिरुगेदा या वास्तुविशारदाने १९९७ मध्ये राडारोड्याचा डबा रस्त्यावर ठेवण्याचा साधा परवाना काढून त्याच चौकटीत मुलांसाठी खेळायची जागा केली होती. उपलब्ध परवानगीचा आकार ओळखून त्यात आपले काम मावेल असे करण्याची ही हातोटी मुंबईत फार उपयोगी पडते. मात्र अर्जात लिहिलेला वापर आणि प्रत्यक्ष वापर एकच असला पाहिजे.

वीज शेजारच्या इमारतीतून ओढून घेऊ नये. शहर भागात बेस्ट आणि उपनगरात त्या भागातील वीज कंपनी तात्पुरती जोडणी देते. तिच्यावर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, बसवून घ्यावा. झाडाला खिळा ठोकणे, फांदी तोडणे किंवा तारेने दिवे बांधणे टाळावे. छाटणी लागलीच तर वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. ध्वनिक्षेपकासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही बंदी लागू असतेच, शिवाय रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्राचे नियम लागतात. वर्गणी गोळा करायची असेल, तर नोंदणी नसलेल्या गटाने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-सी प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी; उत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी. एखादी नोंदणीकृत संस्था, मंडळ किंवा एएलएम गट (महापालिकेशी जोडलेला परिसरातील नागरिकांचा गट) सोबत असला, तर हा टप्पा सोपा जातो.

लोकांना सामील कसे करावे

सभा बोलावून ‘तुम्हाला येथे काय हवे?’ असे विचारले, तर तेच चार आवाज ऐकू येतात आणि उत्तरे बाग, व्यायामशाळा व सीसीटीव्ही यांच्या पुढे जात नाहीत. लोकांना आकार दाखवावा लागतो, तोही खऱ्या मापात. मुंबईने याचा उत्तम धडा फार पूर्वी दिला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, ‘महिला मिलन’ या गटातील स्त्रियांनी, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या स्पार्क या संस्थेच्या साथीने, आपल्या भावी घरांचे पूर्ण आकाराचे नमुने कापड आणि लाकूड वापरून उभे केले. आत शिरून, बसून, स्वयंपाकाच्या हालचाली करून त्यांनी मापे तपासली. चौदा फूट उंच खोलीत पोटमाळा घालण्याची त्यांची कल्पना अशाच विचारातून आली. नकाशा वाचता न येणारी बाई तज्ज्ञाइतकीच नेमकी सूचना करू शकते. फक्त तिच्यासमोर कागद न ठेवता जागा ठेवावी लागते.

त्यासाठी फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीची, एक गोणी पुरेशी आहे. एका रविवारी सकाळी जागेवर फक्कीने सूचित भाग खऱ्या मापात आखावेत: येथे सावली, येथे कट्टा, येथे वाट, येथे खेळपट्टी. चार उंच बांबूंना जुन्या साड्या बांधून छताची उंची दाखवावी. मग लोकांना त्यातून चालू द्यावे आणि रेघा पुसून नव्याने मारू द्याव्यात. वृद्ध माणूस कट्ट्याच्या जागी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला की त्याला रस्ता दिसतो का, हे तेव्हाच कळते; मुले सावलीच्या चौकोनातून धावत गेली की खांब कुठे नको, तेही कळते. ही आखणी एकदा सकाळी, एकदा दुपारी तीन ते पाच या वेळेत आणि एकदा दिवे लागल्यानंतर अशी निरनिराळ्या वेळी ठेवावी. दुपारच्या वेळी घरकाम करणाऱ्या आणि गृहिणी बायका येतात. केवळ रात्रीची सभा ठेवली, तर त्या कधीच भेटत नाहीत.

काय ठरवायचे लोकांच्या हाती आहे आणि काय नाही, ते पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. मुदत, क्षेत्रफळ, आगीचे नियम आणि वाऱ्याला तोंड देण्याची क्षमता या गोष्टी मतदानाला टाकायच्या नाहीत. वापर, मांडणी, रंग, वेळा, किल्ली कोणाकडे राहावी आणि उतरवल्यावर सामान कोणाला मिळावे, या गोष्टी लोकांनीच ठरवाव्यात. ही सीमारेषा धूसर ठेवली की पुढे प्रत्येक नकार फसवणूक वाटू लागतो.

सहभाग म्हणजे फुकटची मजुरी नव्हे, हेही सांभाळावे. बांबू बांधणारा कारागीर, सुतार आणि वायरमन यांना बाजारभावाने पैसे द्यावेत. सुट्टीच्या दिवशी हौसेने येणारे आणि रोजंदारी बुडवून येणारे यांच्यात फरक असतो. उंचीवरचे काम फक्त कारागिरांनी करावे. स्वयंसेवकांना जमिनीवरची कामे द्यावीत: घासकाम, रंग, विणकाम, कट्ट्यांच्या फळ्या ठोकणे, वाफे भरणे.

रचना

जो कारागीर रचना बांधणार आहे, त्याला आखणीच्या दिवशीच बोलवावे. परांचीवर आणि मांडवात आयुष्य काढलेल्या माणसाला बांबूची जोडणी कुठे सुटते, हे पाहताच कळते, आणि नंतर आराखड्यात बदल करण्याचा खर्च वाचतो. बांबू, पाइप, प्लायवूड व ताडपत्री शक्यतो मांडववाल्याकडून भाड्यानेच घ्यावी, म्हणजे उतरवल्यावर सामानाचे काय करायचे हा प्रश्नच उरत नाही. विकत घ्यायचाच असेल तर सिंधुदुर्गातला माणगा बांबू भरीव आणि सरळ असल्याने खांबांसाठी उत्तम. एकाहून अधिक हंगाम वापरायचा असल्यास तो बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून घ्यावा, नाहीतर कीड आतून पोखरते आणि खाली पीठ पडू लागते. ओल्या बांबूचे बांध तो वाळल्यावर ढिले पडतात. म्हणून उभारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सर्व बांध पुन्हा आवळण्याचे पैसे कारागिराशी आधीच ठरवावेत. गोदामांतून मिळणारी लाकडी पॅलेट कट्ट्यांसाठी चांगली असतात, पण त्यांवरचा शिक्का वाचावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, ते चालेल, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते घेऊ नये.

आता वाऱ्याचा हिशेब. भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३ प्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. तात्पुरत्या रचनेसाठी त्याला ०.७३ ने गुणता येते; म्हणजे सुमारे ३२ मीटर प्रतिसेकंद. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६० किलो वजनाइतका होतो. दहा बाय दहा फुटांचे साधे छत सव्वानऊ चौरस मीटरचे असते, तेव्हा एका जोरदार झोतात ते साडेपाचशे किलोंहून अधिक बळाने वर उचलले जाऊ शकते. खांब जमिनीत पुरायचे नाहीत असे आपण करारात लिहून दिले आहे, म्हणून हे बळ वजनानेच पेलावे लागते. २०० लिटरचे पाण्याने भरलेले पिंप सुमारे दोनशे किलोंचे होते. चार कोपऱ्यांना चार पिंपे आणि प्रत्येक खांबाचा पाया त्या पिंपाशी घट्ट जखडलेला, ही किमान तयारी समजावी. पिंपांची झाकणे पक्की बसवावीत, अन्यथा डासांच्या अळ्यांसाठी महापालिकेची नोटीस येईल आणि ती योग्यच असेल. पाण्याऐवजी वाळू भरली तर हा प्रश्न येत नाही, मात्र उतरवताना कष्ट वाढतात. हा हिशेब केवळ अंदाज येण्यासाठी आहे. आडव्या बळाने रचना कलंडण्याचा विचार वेगळा करावा लागतो. अंतिम आकडे रचना अभियंत्यानेच काढावेत आणि त्याचे स्थैर्य प्रमाणपत्र फाइलला जोडावे.

मोठे एकसंध छत टाळून लहान लहान स्वतंत्र छते करावीत. त्यांमधल्या फटींतून वारा निघून जातो, एक सैल झाले तरी बाकीची टिकतात, आणि वापर पाहून ती हलवताही येतात. कापडापेक्षा शेडनेट बरे, कारण ते कापडाइतका वारा अडवत नाही आणि डिसेंबर ते एप्रिल पावसाचा प्रश्न नसतो. ताडपत्री लावायचीच असेल, तर ती एका माणसाला काही मिनिटांत सोडता येईल अशी बांधावी आणि वादळाचा इशारा आल्यावर ती कोण सोडणार, त्याचे नाव आधी ठरवावे. आगीच्या दृष्टीने मांडवांसाठीचे आयएस ८७५८ हे मानक अभियंत्याला पाहायला सांगावे. विजेच्या तारेखाली काहीही उभे करू नये, बाहेर पडायला परस्परविरुद्ध दिशांना किमान दोन वाटा ठेवाव्यात आणि आत स्वयंपाक करू देऊ नये.

राखण आणि खर्च

उभारणीसाठी पैसे मिळतात, कारण तेथे फोटो निघतात. राखणीसाठी मिळत नाहीत. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात भूकंपानंतर स्वयंसेवकांनी तीन हजारांहून अधिक लाकडी पॅलेटचा ‘पॅलेट पॅव्हिलियन’ २०१२ च्या अखेरीस उभा केला. तो आणखी एक वर्ष ठेवायचा म्हटल्यावर राखण व देखभालीसाठी लोकांकडून सुमारे ८० हजार डॉलर जमवावे लागले. येथेही रात्रीचा राखणदार, झाडलोट, दिव्यांचे बिल, विमा आणि बांध आवळण्याची मजुरी या सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद झाल्याशिवाय नारळ फोडू नये. विम्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची जबाबदारी आणि कारागिरांचा अपघात हे दोन्ही यायला हवेत.

किल्ली आणि नोंदवही वेगवेगळ्या गटांतील दोघांकडे असावी, त्यांपैकी किमान एक स्त्री असावी. कोणत्याही पक्षाचा, मंडळाचा किंवा देणगीदाराचा फलक लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवसापासून पाळावा. एकाला सूट दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. महापालिकेचे मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण २०१६ मध्ये वादात सापडून स्थगित झाले, त्यामागे सार्वजनिक जागांवर काही संस्थांनी जमवलेला कब्जा हाच मुख्य आक्षेप होता. तुमच्या फाटकाला दिवसा कुलूप दिसले, तर तोच आक्षेप तुमच्यावरही येईल.

उतरवणे आणि ताबा परत देणे

उभारणीच्या आदल्या दिवशी जागेची चारही कोपऱ्यांतून तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि मालकाच्या प्रतिनिधीसमवेत पंचनामा करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. उतरवल्यानंतर त्याच ठिकाणी उभे राहून तीच छायाचित्रे पुन्हा काढावीत. सामानाची यादी उभारणीच्या वेळीच करावी आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचे पुढचे ठिकाण लिहावे: भाड्याचा बांबू मांडववाल्याकडे, कट्टे शेजारच्या शाळेला किंवा वाचनालयाला, कुंड्या ज्यांनी वाढवल्या त्यांच्याकडे, फळ्या पुढच्या हंगामासाठी संस्थेच्या गोदामात. ही वाटणी आधी ठरली नसेल तर शेवटच्या दिवशी भांडणे होतात आणि निम्मे सामान जागेवरच पडून राहते.

लोक ‘आता कशाला काढता, चालू दे की’ असे म्हणू लागतात तो क्षण अवघड असतो. मुदतवाढ हवी असेल, तर ती मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी लेखी मागावी, वापराची नोंदवही पुरावा म्हणून जोडावी आणि तरीही पावसाळ्यापूर्वी छत उतरवावेच. लेखी उत्तर आले नाही, तर संमती गृहीत न धरता ठरल्या दिवशी काम सुरू करावे. हेही काम लोकांनी मिळून करावे. मुलांना गाठी सोडायला फार आवडते, फक्त वरचा भाग कारागिरांनी आधी उतरवलेला असावा. पिंपे रिकामी करताना पाणी गटारात न सोडता झाडांना घालावे.

जागा झाडून, दोन्ही पंचनामे व छायाचित्रे जोडून मालकाकडून ताबा परत मिळाल्याची पोच घ्यावी आणि अनामत रक्कम सोडवावी. त्या पोचपावतीच्या प्रती विभाग कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला द्याव्यात, आणि एक प्रत पुढच्या भूखंडाच्या अर्जात मालमत्ता पत्रकाच्याही वर लावावी.